आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मोटारींच्या शर्यतींचा विषय निघाला की आमच्या घरात एकच प्रश्न विचारला जातो : ही माणसे एवढ्या जिवाच्या आकांताने जातात तरी कुठे? प्रश्न गृहमंत्र्यांचा आहे आणि बिनतोड आहे. कारण खरे उत्तर ‘कुठेही नाही’ हेच आहे. पन्नास, साठ, सत्तर वेळा त्याच वाटोळ्या रस्त्याने फिरायचे आणि निघालो तिथेच येऊन थांबायचे! देवळाभोवतीच्या प्रदक्षिणेला निदान पुण्य तरी लागते. पण जगभर कोट्यवधी लोक हा खेळ डोळ्यांत तेल घालून पाहतात, आणि ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचे एखादे पोर आहे त्या घरात रविवारी संध्याकाळी टेलिव्हिजनसमोर कोण बसलेले असते ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

त्या पडद्याकडे पुढल्या खेपेस जरा निरखून पाहा. मोटार गर्रकन वळते आणि दिसेनाशी होते, त्या क्षणी कठड्यापलीकडे नारिंगी कपड्यांतला एक माणूस उभा दिसतो. हातात निशाण असते, नाहीतर पायाशी आग विझवण्याचे लाल नळकांडे. मोटार जाते, तिच्यापाठोपाठ कॅमेराही जातो, आणि तो माणूस जागच्या जागी राहतो. त्याला ‘मार्शल’ म्हणतात. तो बहुधा हौशी असतो, त्याला पगार नसतो. कोणी शाळामास्तर, कोणी बँकेत कारकून, कोणी गॅरेजवाला. दिवाळी अंकात विजेत्यांचे गुणगान करावे असा रिवाज आहे, आणि एरवी हे सदरही तो पाळतेच. पण यंदा या मागे राहणाऱ्या माणसाची हकिकत सांगायची आहे. सणाच्या दिवसांत ती काही ठिकाणी कडू लागेल, त्याला इलाज नाही.

हॉलंडच्या समुद्रकाठी, वाळूच्या टेकड्यांमधून झांडवूर्टचा शर्यतमार्ग गेलेला आहे. २९ जुलै १९७३ रोजी तेथे डच ग्राँ प्री होती. आदल्या वर्षी ही शर्यत झालीच नव्हती. मार्ग पुरेसा सुरक्षित नाही अशी तक्रार होती. मग डागडुजी झाली, पोलादी कठडे बसले आणि आता सारे ठाकठीक आहे असे जाहीर झाले. रॉजर विल्यमसन हा पंचवीस वर्षांचा इंग्रज तरुण आपली दुसरीच ग्राँ प्री चालवत होता. आठव्या फेरीत त्याची मोटार एकाएकी रस्ता सोडून कठड्यावर आदळली (बहुधा टायरने दगा दिला), उलटी झाली, तशीच घासत कितीतरी अंतर गेली आणि थांबली तेव्हा तिने पेट घेतला होता. विल्यमसनला आदळण्याने मोठी इजा झालेली नव्हती. तो उलट्या मोटारीखाली अडकला होता, जिवंत होता.

मागून डेव्हिड पर्ली येत होता. हा शीतकपाटांच्या एका कारखानदाराचा मुलगा, पूर्वी ब्रिटिश सैन्यात छत्रीधारी पथकात अधिकारी. त्याने आपली मोटार कडेला फेकल्यासारखी उभी केली आणि धावत्या मोटारींमधून रस्ता ओलांडून तो आगीपाशी पोचला. मोटार उलटवायची म्हणून त्याने एकट्याने खांदा लावला. ती हलेना. मार्शल जवळच उभे होते, पण त्यांच्या अंगावर रोजचेच कपडे होते. आगीला दाद न देणारा पोशाख त्यांना कोणी दिलाच नव्हता. ते पुढे येत आणि आच लागली की मागे सरत. पर्लीने एकाच्या हातातले नळकांडे हिसकावून घेतले आणि आगीवर रिकामे केले. ज्वाळा क्षणभर बसल्या आणि पुन्हा उठल्या. दुसरे नळकांडे नव्हते. आतून विल्यमसनचे ओरडणे ऐकू येत होते, असे पर्लीने पुढे सांगितले.

आणि शर्यत? शर्यत चालूच होती! दर फेरीला इतर चालक त्या धुरातून जात होते. रस्त्याच्या कडेला हातवारे करणारा शिरस्त्राणधारी माणूस पाहून त्यांचा समज असा झाला की हाच त्या जळत्या मोटारीचा चालक असणार, म्हणजे बिचारा सुटला. लाल निशाण दाखवून शर्यत थांबवावी असे ज्यांच्या हाती होते त्यांनी ती थांबवली नाही. आगीचा बंब मार्गावर होता, पण भलत्याच टोकाला. आणि मोटारी धावत असल्यामुळे त्याला उलट दिशेने येता येईना. तो पोचायला सुमारे आठ मिनिटे लागली. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. झांडवूर्टला ती युरोपभर टेलिव्हिजनवर लोकांनी डोळ्यांनी पाहिली. विल्यमसन गुदमरून गेला.

या हकिकतीला आणखी दोन शेपटे आहेत. पर्लीच्या त्या धडपडीची छायाचित्रे जगभर गाजली, त्यांना बक्षीस मिळाले. पर्लीला ब्रिटिश सरकारने जॉर्ज पदक दिले. आणि ती शर्यत जिंकली जॅकी स्टुअर्टने. त्याचा तो सव्विसावा विजय, म्हणजे जिम क्लार्कचा पंचवीस विजयांचा विक्रम त्या दिवशी मोडला. दैवाची थट्टा अशी की चालकांच्या सुरक्षिततेसाठी त्या काळात सर्वांत जास्त भांडलेला, आणि त्यापायी सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला माणूस हाच स्टुअर्ट.

तो भांडखोर का झाला हेही ऐकण्यासारखे आहे. सात वर्षांपूर्वी, १९६६ च्या जूनमध्ये, बेल्जममधील स्पा येथे पहिल्याच फेरीत पावसाची सर आली आणि अर्धाअधिक ताफा रस्त्यावरून घसरला. स्टुअर्टची मोटार खांबाला धडकून एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. सुकाणूचे चाक पायावर दाबून बसलेले, टाकी फुटलेली, अंगभर पेट्रोल झिरपलेले. एखादी ठिणगी पुरली असती. मार्शलांचा पत्ता नव्हता. मदतीला आले ते त्याच जागी घसरलेले दोन चालक, ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट. चाक काढायला पाना हवा, तो कुणाकडे नाही. अखेर एका प्रेक्षकाच्या मोटारीतला पाना मागून आणला तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांनी स्टुअर्ट सुटला. पुढे रुग्णवाहिका निघाली ती पोलिसांच्या पहाऱ्यात, आणि लिएझच्या इस्पितळाची वाट चुकली!

त्या दिवसापासून स्टुअर्टने आपल्या सुकाणूच्या दांड्याला एक पाना चिकटपट्टीने बांधून ठेवला. आपला डॉक्टर तो शर्यतीला बरोबर नेऊ लागला. मग मार्गांवर कठडे हवेत, बंब हवेत, शिकवलेली माणसे हवीत, म्हणून त्याने चालकांची मोट बांधली. १९६९ साली स्पाच्या शर्यतीवर चालकांनी बहिष्कारच घातला. जुने शौकीन चिडले. जिवाचा एवढा घोर असेल तर घरी बसावे, मर्दानी खेळाचा पोरखेळ करू नये, असा एकंदर सूर होता. ज्यांना स्वतःला कधी पेट्रोलच्या डबक्यात बसावे लागत नाही त्यांचे शौर्य नेहमी असेच दांडगे असते.

तशी त्या काळची समजूतच काही और होती. मोटारीत पट्टा बांधणे चालकांना पसंत नसे. आगीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असा हिशेब. आणि गाड्यांची तेव्हाची घडण पाहता तो अगदी वेडगळही नव्हता. पट्टे सक्तीचे झाले ते १९७२ साली. कडेने धक्का सोसण्यासाठी पेंढ्याचे भारे रचलेले असत. १९६७ च्या मे महिन्यात मोनाकोला लोरेंझो बांदिनीची मोटार अशाच भाऱ्यांवर पडून पेटली, आणि वैरणीच्या गंजीला आग लागावी तशी ती भडकली. तीन दिवसांनी तो गेला. त्यानंतर पेंढा हळूहळू गेला. मोटारींच्या आत टाकीऐवजी जाड रबरी पिशवी आली, चालकांच्या अंगात नोमेक्स नावाच्या न जळणाऱ्या कापडाचा पोशाख आला. या खेळातले बहुतेक नियम असे आहेत की त्यांच्या शेजारी कुणाचे तरी नाव लिहिता येईल.

आणि काय पेटले आहे हे ओळखणे तर आणखी वेगळी विद्या. फ्रान्समधील ल मां येथे ११ जून १९५५ रोजी पियेर लव्हेगची मर्सिडीज पुढच्या मोटारीवर चढून बांधावर आपटली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. मोटारींच्या शर्यतीतला एवढा मोठा अनर्थ त्यापूर्वी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. त्या मोटारीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. लोकांनी त्यावर पाणी मारले, आणि पांढरी आग दुप्पट उफाळली. चकलीच्या कढईतले तेल पेटले तर वर पाणी ओतायचे नसते हे आपल्याकडे कोणतीही जाणती बाई सांगेल. हे तसेच, फक्त हजारपट. शर्यत तेव्हाही थांबवली नाही, पण त्याचे कारण आयोजकांनी दिले. एवढा जनसमुदाय एकदम बाहेर पडला तर रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील, असे ते म्हणाले. हे कारण आम्हांला पूर्वी निबर वाटे. गर्दीत सापडलेली रुग्णवाहिका ज्याने पाहिली आहे तो त्याला अगदीच खोटे म्हणणार नाही. स्वित्झर्लंडने मात्र या अपघातानंतर आपल्या देशात असल्या शर्यतींवर बंदीच घातली आणि ती कित्येक दशके टिकवली.

आता झांडवूर्टची गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल की दोष मार्शलांच्या अंगी धैर्य नसण्याचा. पुढे धावायचे सोडून उभे काय राहिले! तर मग दुसरी गोष्ट ऐका. तिच्यात एकजण उभा राहिला नाही, धावला.

दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी, ५ मार्च १९७७. रेन्झो झोर्झीची मोटार बिघडून रस्त्याच्या डाव्या कडेला थांबली आणि तिच्या पाठीमागे लहानशी आग दिसू लागली. आग अशी की झोर्झी स्वतः धडपडत बाहेर पडत होता. रस्त्यापलीकडून दोन मार्शल निघाले. कोणी हुकूम दिला नव्हता. दिसली आग आणि निघाले. त्यांतला पहिला निसटता पार झाला. दुसरा एकोणीस वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या हातात सुमारे अठरा किलोंचे नळकांडे होते, म्हणजे तांदळाचे एखादे पोते घेऊन पळण्यासारखेच. रस्ता तिथे किंचित चढून उतरतो. चढाच्या पलीकडचे येणाऱ्याला दिसत नाही. त्या चढावरून ताशी सुमारे २७० किलोमीटरच्या वेगाने मोटारी आल्या. पहिल्या मोटारीच्या चालकाला तो दिसला आणि त्याने कशीबशी मोटार वळवली. तिच्या पाठीला चिकटून टॉम प्राइस येत होता. त्याला काही दिसले नाही. तो मुलगा जागच्या जागी गेला. नळकांडे प्राइसच्या डोक्यावर आदळले आणि तोही त्याच क्षणी गेला. प्राइस आणि झोर्झी दोघे एकाच कंपनीच्या मोटारी चालवत होते.

त्या मुलाची ओळखही पटेना. मग सगळ्या मार्शलांना एकत्र बोलावून हजेरी घेतली, आणि हजेरीला कोण नाही त्यावरून तो कोण हे कळले.

झांडवूर्टला आगीपाशी माणसे होती, पण हातात साधन नव्हते आणि शर्यत थांबवायची अक्कल वरच्यांना नव्हती. क्यालामीला साधन होते, हिंमत होती. थांब म्हणणारा नव्हता. मार्शलचे सारे शिक्षण या दोन मरणांच्या मध्ये बसते. धावायचे कधी यापेक्षा धावायचे नाही कधी, हे त्याच्याकडून आधी घोटून घेतात. आमचे मत विचाराल तर या खेळात शिकायला सर्वांत अवघड गोष्ट हीच असावी. जळताना दिसत असताना दोन पळे थांबणे कोणत्याही भल्या माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे.

हे शिक्षण असते तरी काय, ते थोडक्यात सांगतो. साऱ्या मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक ठाणे दिलेले असते; एका ठाण्यावरून पुढचे दिसले पाहिजे. ठाण्यावर एक मुख्य, त्याच्या कानाला मध्यवर्ती कचेरीची तार किंवा बिनतारी यंत्र. एकजण निशाणवाला. बाकीचे आगीचे आणि मोटार ओढून काढण्याचे गडी. पहिला धडा असा की धावत्या मोटारींकडे पाठ म्हणून करायची नाही, मग पाठीमागे नाटकातली नायिका उभी असली तरी. दुसरा असा की पिवळे निशाण फडकल्याशिवाय कठडा ओलांडायचा नाही. पिवळे म्हणजे पुढे धोका, कोणी कोणाला मागे टाकू नये; दोन पिवळी एकदम हलली तर थांबायची तयारी ठेवा. पिवळ्यावर तांबडे पट्टे असले तर रस्ता निसरडा आहे, तेल सांडले आहे. निळे दाखवतात ते मागून येणाऱ्या वेगवान गड्याला वाट देण्यासाठी. लाल म्हणजे शर्यत बंद. निशाणवाल्याच्या हातातील त्या वीतभर कापडावर ठाण्यावरल्या बाकीच्यांचा जीव टांगलेला असतो, म्हणून त्याच्याशी गप्पा मारायला मनाई. आता बहुतेक ठिकाणी दिव्यांचे फलकही असतात; पण निशाणे गेलेली नाहीत, दिवे कधी रुसतील याचा नेम काय? मोनाकोसारख्या अरुंद गावात, जिथे रस्त्याच्या एका बाजूला दुकान आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, तिथले मार्शल बंद पडलेली मोटार क्रेनला अडकवून घटकाभरात अशी उचलून नेतात की आपण पाहतच राहावे.

डॉक्टरांची व्यवस्था लागायला मात्र आणखी एक मरण खर्ची पडले. १९७८ च्या सप्टेंबरात इटलीत मोंझा येथे सुरुवातीलाच दहा मोटारींची घुसळण झाली. रॉनी पीटरसनला जळत्या मोटारीतून चालकांनीच ओढून काढले. जेम्स हंट त्यात पुढे होता. सिड वॉटकिन्स हे लंडनचे मेंदूचे शल्यविशारद त्याच वर्षी शर्यतींचे वैद्यकीय प्रमुख झाले होते. ते धावत निघाले तर इटालियन पोलिसांनी साखळी करून रस्ता अडवलेला. डॉक्टरलाच जाऊ देईनात! पीटरसनचे पाय मोडले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे रक्तात चरबीच्या गुठळ्या जाऊन तो गेला. वॉटकिन्सनी मग हट्ट धरला : पहिल्या फेरीत, जेव्हा सगळ्या मोटारी एकत्र असतात आणि घात होण्याचा संभव सर्वांत जास्त, तेव्हा ताफ्याच्या शेपटीला डॉक्टरांची मोटार धावली पाहिजे; भूल देणारा तज्ज्ञ हवा, हेलिकॉप्टर हवे. त्यांचा हट्ट पुरवला गेला. ही शेपटीची मोटार ध्यानात ठेवा.

गंमत पाहा. चालकांचे मरण हळूहळू दुर्मिळ होत गेले, १९९४ च्या त्या काळ्या शनिवार-रविवारी इमोला येथे रात्झेनबर्गर आणि सेना असे दोघे गेले त्यानंतर तर मोटारी किल्ल्यासारख्या भक्कम झाल्या. पण मोटार भक्कम झाली म्हणून कठड्यापलीकडचा माणूस भक्कम होत नाही. २००० साली मोंझाला एका टकरीतून उडालेले चाक लागून एक मार्शल मेला. सहाच महिन्यांनी, २००१ च्या मार्चमध्ये, मेलबर्नला दुसरा. चाक जाळीतल्या फटीतून आले. चाके मोटारीला बळकट दोरांनी बांधलेली असावीत असा नियम त्याआधीच झाला होता, तरी ही गत. पुढे दर चाकाला एकाऐवजी दोन दोर आले. २०१३ साली कॅनडात शर्यत संपून प्रेक्षक घरी निघाले असता बंद मोटार हलवणाऱ्या यंत्राखाली सापडून एक मार्शल गेला. आणि ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमध्ये सुझुका येथे, भर पावसात, मार्शल एक घसरलेली मोटार यंत्राने उचलत असताना ज्यूल बियांकीची मोटार त्याच जागी घसरून थेट त्या यंत्राखाली शिरली. पिवळी निशाणे हलत होती. मार्शल चार पावलांवर होते, ते बचावले. बियांकी नऊ महिने बेशुद्ध राहून गेला. नुसत्या निशाणाने वेग पुरेसा उतरत नाही असे तेव्हा पटले, आणि पुढच्या वर्षापासून अशा वेळी सगळ्यांनी ठरावीक वेगातच चालले पाहिजे असा नियम झाला.

आपल्या देशातही २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवर ग्राँ प्री झाली. तेथे मार्शलांची पहिली परीक्षा चतुष्पादाने घेतली. २८ ऑक्टोबर २०११, भाऊबीजेचा दिवस. पहिला सराव सुरू होतो न होतो तोच एक कुत्रे रुबाबात मार्गावर अवतरले! सराव थांबवावा लागला. युरोपातल्या पाहुण्यांना त्याचे फार नवल वाटले. आपल्याला कशाला वाटते! कुत्रे मात्र सुखरूप गेले, आणि मार्शलांचीही चार लोकांत नाचक्की फारशी झाली नाही.

आता २९ नोव्हेंबर २०२० कडे येऊ. बहारीन, रात्रीची शर्यत, पहिलीच फेरी. रोमां ग्रोजां या फ्रेंच चालकाची मोटार दुसऱ्या मोटारीला लागून ताशी १९२ किलोमीटरच्या वेगाने कठड्यात घुसली आणि तिचे दोन तुकडे झाले. मागचा तुकडा बाहेर, पुढचा चालकासकट पोलादी पट्ट्यांच्या पार आत, आणि त्याभोवती आगीचा गोळा. चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची धातूची कमान २०१८ पासून सक्तीची झाली आहे. ती नसती तर त्या पट्ट्यांनी काय केले असते ते लिहायला नको. स्वतः ग्रोजां या कमानीच्या विरुद्ध होता. नंतर त्याने आपले मत चुकले असे उघडपणे सांगितले.

पण कमानीने डोके वाचले, आगीतून माणूस बाहेर आला नव्हता. वॉटकिन्सांची ती शेपटीची मोटार अकरा-बारा सेकंदांत तिथे होती, कारण फेरी पहिली होती. तीतून डॉक्टर इयन रॉबर्ट्स उतरले. समोरून एक मार्शल नळकांडे घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला हाताने जागा दाखवली, इथे मार. त्या फवाऱ्याने ज्वाळेत क्षणभर खिंड पडली आणि त्या खिंडीतून ग्रोजां कठड्यावर चढला. डॉक्टरांनी त्याला धरून पलीकडे ओढले. आत तो सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद होता. हात भाजले. जीव वाचला. शर्यत लाल निशाणाने ताबडतोब थांबवली होती. झांडवूर्टला जे जे नव्हते ते ते सारे इथे ज्याच्या त्याच्या जागी हजर होते.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच रात्री, कठडा दुरुस्त करून शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर, अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना सर्जियो पेरेझच्या मोटारीचे इंजिन पेटले आणि ती कडेला थांबली. पलीकडच्या बाजूने एक मार्शल हातात नळकांडे घेऊन रस्ता ओलांडून धावला. मोटारी अजून येत होत्या. लँडो नॉरिसच्या मोटारीच्या दिव्यांपुढून तो पार झाला, नॉरिसने बिनतारी यंत्रावरून तसे आपल्या माणसांना कळवलेही. क्यालामीला त्रेचाळीस वर्षे झाली होती, आणि तो चढ ज्यांना आठवत होता त्यांच्या पोटात त्या क्षणी गोळा आला असेल. तो पलीकडे पोचला, आग विझली, उरलेल्या फेऱ्या सुरक्षा-मोटारीच्या मागे हळू चालून संपल्या आणि हॅमिल्टन जिंकला. ज्याच्या मोटारीसाठी तो धावला त्या पेरेझने पुढच्याच रविवारी, बहारीनमध्येच, आपली पहिली ग्राँ प्री जिंकली.